धम्मरत्नचे हिरवे ठिपके

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात धम्मरत्न पडघान प्रयोगशाळा सहायक आहे आणि मी मराठी शिकवतो. तसं आमचं एकमेकांशी काही काम पडायला नको. पण माझ्या घरी बिघडलेल्या वस्तू भरपूर, आणि बिघडलेली वस्तू दिसली की त्याला राहवत नाही, त्यामुळे अकरा वर्षं आमचं चांगलं जमलेलं आहे.

कारंजातले लोक त्याला पंख्यावरून ओळखतात. झालं असं, की एका जुन्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी आमच्या स्टाफरूमला चार पंखे भेट दिले. पंखे असे की त्यांना बटणही नाही आणि रेग्युलेटरही नाही, सगळं मोबाइलवरून. पहिलं वर्ष आम्ही सगळे खुर्चीत बसल्या बसल्या पंखे फिरवत होतो. दुसऱ्या एप्रिलात, पेपर तपासायचं काम ऐन भरात असताना, पंखे एकाएकी थांबले. मोबाइल म्हणे, संपर्क होत नाही. चौकशी केली तर पंख्यांची कंपनीच बंद पडलेली. वीज आहे, पंखा धडधाकट आहे, तपासणारे घामाघूम आहेत आणि पंखा मात्र कुठल्याशा बंद ऑफिसातून हुकूम येण्याची वाट पाहतोय.

धम्मरत्न शिडी घेऊन आला. चारही पंख्यांच्या पोटातून एकेक हिरवी पट्टी काढली, स्वतः बनवलेली दुसरी बसवली आणि भिंतीवर जुन्या पद्धतीचे चार गोल रेग्युलेटर लावले. खाली उतरून तो म्हणाला, "वस्तू आपण विकत आणतो, सर, पण तिचा मालक दुसरीकडंच बसला असते. तो झोपला की आपला पंखा झोपते."

हे वाक्य पुढे गावभर गेलं. आठवडाभरात दोन टीव्ही, एक वॉशिंग मशीन आणि एका डॉक्टरांच्या दाराचं कुलूप त्याच्याकडे आलं.

त्याचा हा छंद जुना. बाकीचे लोक पगार झाला की कपडे घेतात, हा कुरियरने सर्किटं मागवतो. जगात नवीन काय निघालं ते त्याला आमच्या आधी ठाऊक असतं. बिनड्रायव्हरची गाडी, समोरच्याचं नाव सांगणारा चष्मा, घरातली भांडी घासणारा यंत्रमानव, या सगळ्यांवर त्याचं मत ठरलेलं. फिजिक्सचे धनराज सर त्याला मुद्दाम छेडायचे. एकदा त्यांनी पेपरात वाचलं की आता माणसाच्या डोक्यात चिप बसवणार आहेत.

"बसवा ना," धम्मरत्न म्हणाला. "पण तिचा स्विच माह्या कानामागं पाहिजे अन् त्याच्यावरचं बोट बी माह्यंच पाहिजे."

"आणि चष्मा?"

"चष्मा घीन मी. फक्त मी कोणाकडं पाह्यलं हे त्यानं दुसऱ्याले सांगू नये."

घरी त्याच्या या मतांना फारसा श्रोता नव्हता. त्याची बायको, मंजुषावहिनी, एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून शे-दीडशे माणसं सांभाळून आलेल्या बाईला घरच्या बल्बशी बोलायचा उत्साह नसतो. धम्मरत्नने हॉलमधला दिवा टाळी वाजवली की लागेल असा केला होता. वहिनी घरात आल्या की सरळ भिंतीपाशी जाऊन बटण दाबत.

"टाळी वाजव ना," तो म्हणायचा.

"हात भरले आहेत," म्हणत त्या स्वयंपाकघरात जात. हात भरलेले असताना त्यांनी बटण कशानं दाबलं, हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

धम्मरत्नचं मूळ गाव आसेगाव. तिथे त्याची आई, लिलाबाई, एकट्या राहतात. वय सत्तर. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तीन एकर शेत आहे, ते लावणीनं, म्हणजे ठेक्यानं, दिलंय, पण रोज एक चक्कर शेतात असतेच. "कारंजाले चाल" असं धम्मरत्न दर सणाला म्हणतो आणि त्या दर सणाला म्हणतात, "तुह्या घरी दारातून निंघालं की जिना लागते. मले दारातून निंघालं की माणूस लागते."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात लिलाबाईंना अंगणात चक्कर आली. न्हाणीजवळ पडल्या त्या पडल्याच. दुपारची वेळ, रस्त्यावर कोणी नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या प्रयागबाई विरजण मागायला आल्या तेव्हा त्यांना दिसल्या. मोडलं काही नाही, पण दोन तास उन्हात पडून होत्या. धम्मरत्नला फोन गेला तेव्हा तो बोर्डाच्या परीक्षेच्या कामात होता आणि फोन ऑफिसात जमा होता. त्याला कळलं संध्याकाळी.

त्यानंतर महिनाभर तो मधल्या सुट्टीतही पेचकस घेऊन काहीतरी जुळवत बसायचा. मग एका रविवारी दोन खोकी घेऊन आसेगावला गेला आणि आईच्या घरात ठिकठिकाणी सेन्सर बसवून आला. दाराच्या चौकटीत एक, खाटेच्या गादीखाली एक, गॅसच्या शेगडीजवळ एक, न्हाणीच्या दाराला एक, स्वयंपाकघराच्या दाराला एक, अंगणात एक. सगळ्यात खास म्हणजे पाण्याच्या माठाच्या झाकणाला एक. कॅमेरा लावला नाही, तेवढं भान त्याला होतं. कोपऱ्यात सिमकार्डवर चालणारा इंटरनेटचा डबा ठेवला. इकडे कारंजात त्याच्या मोबाइलवर ओळीने सात ठिपके. आई खाटेवरून उठली की एक हिरवा, माठाचं झाकण उघडलं की दुसरा हिरवा. बराच वेळ काही हललं नाही की ठिपका पिवळा, मग लाल. शिवाय अंगणातला दिवा आणि टीव्हीसुद्धा त्यानं स्वतःच्या फोनला जोडून घेतला.

त्याचं हे काम मी पाहिलंय आणि ते सुंदर होतं, हे सांगितलंच पाहिजे. पाठ्यपुस्तकात छापावं असं. तो मधल्या सुट्टीत मला ठिपके दाखवायचा. "हे पाहा सर, माय आता चहा ठेवून राह्यली." पाच मिनिटांनी, "आता अंगणात." दुपारी फोन लावायचा, "माय, दहा वाजल्यापासून तू पाणी नाही पेलीस." संध्याकाळी इथूनच तिथला दिवा लावायचा. साडेआठला टीव्ही बंद करायचा, कारण डॉक्टरांनी लवकर झोपायला सांगितलं होतं.

मी एकदा विचारलं, "आईला आवडतं का हे?"

"तिले काही करायचंच नाही ना, सर," तो अभिमानानं म्हणाला. "सगळं मी करतो."

दीड वर्ष हे सुरळीत चाललं. ठिपके वेळच्या वेळी हिरवे होत होते. तो निर्धास्त झाला. वजनही थोडं वाढलं त्याचं.

मग फेब्रुवारीतला एक गुरुवार आला. अकरा वाजता धम्मरत्न स्टाफरूममध्ये आला आणि माझ्यासमोर फोन धरला. सातही ठिपके लाल. शेवटची हालचाल सकाळी सहा पन्नासची, दाराची. त्यानंतर माठ नाही, खाट नाही, काही नाही.

"डबा बंद पडला असेल," मी म्हणालो.

"डबा चालू आहे. माय बंद आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकला.

आईचा फोन वाजत होता, उचलत नव्हतं कोणी. प्रयागबाईंना लावला, त्यांचाही तसाच. मंजुषावहिनींना लावला. पण ड्युटीवर त्यांचा फोन बॅगेत असतो. धम्मरत्ननं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याचा चेहरा पाहून मीही टाकली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

मंगरूळपीर येईपर्यंत त्यानं गाडी कुठे थांबवली नाही. मागे बसून मला फक्त त्याचे खांदे दिसत होते आणि ते कानापर्यंत चढले होते. मंगरूळच्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, "चटईखाली एक सेन्सर लावाले पाहिजे होता, सर. जमिनीवर पडली असन तं खाटीवरचा काय कामाचा." त्याला आठवा ठिपका सुचत होता.

आसेगावला पोचलो तर घराला कुलूप. बाहेरून. त्यानं कुलूप हातात घेऊन हलवून पाहिलं, जणू तेही बिघडलंय. मग तो प्रयागबाईंच्या घराकडे निघाला, तेवढ्यात त्या स्वतःच शेताकडून येताना दिसल्या. डोक्यावर हरभऱ्याचा भारा, पदर कमरेला खोचलेला. आम्हाला पाहून त्या जागेवरच थांबल्या. भारा खाली टाकला आणि कपाळावर हात मारला.

"आत्ता बया. मी इसरलीच."

"काय इसरल्या, काकू? माय कुठं आहे?"

"माय तुही बरी आहे. मजेत आहे." त्या ओट्यावर टेकल्या. "हरबरा सोंगाले आला, बाया मिळत नाहीत, मी पाहाटीच शेतात गेली. नऊ वाजता येऊन माठाचं झाकण काहाडाचं होतं मले. दुपारी खाटीवर बसाचं होतं. ध्यानातून गेलं."

धम्मरत्नला कळेना. मलाही कळेना. मग प्रयागबाईंनी कमरेच्या पिशवीतून लिलाबाईंच्या घराची किल्ली काढून दाखवली आणि सगळं सांगितलं. दिवाळीपासून दर गुरुवारी लिलाबाई सकाळी सातच्या आत काळी-पिवळी जीपनं मंगरूळला जात आणि दुपारी चारला परत येत. जाताना फोन घरीच ठेवत. त्यांच्या गैरहजेरीत प्रयागबाई येऊन दोनदा माठ उघडत, एकदा शेगडी पेटवत, थोडा वेळ खाटेवर पडत आणि अंगणात एक फेरी मारून कुलूप लावून जात. लिलाबाईंनी त्यांना वेळा समजावून सांगितल्या होत्या.

"एकडाव तं मले झोपच लागली तिच्या खाटीवर," प्रयागबाई म्हणाल्या. "तुह्या फोनवर बेस दिसलं असन."

तीन महिने दर गुरुवारी धम्मरत्न ज्यांची काळजी घेत होता त्या प्रयागबाई होत्या. मी मान खाली घातली. मला हसू आवरत नव्हतं आणि तो क्षण हसण्याचा नव्हता.

"पण जाते कुठं ते?" त्यानं विचारलं.

"सुनेच्या गाडीत," प्रयागबाई म्हणाल्या. "अजून कुठं जाईन?"

गुरुवारी मंजुषावहिनींची ड्युटी मंगरूळ-मानोरा फेऱ्यांवर असते, हे धम्मरत्नला ठाऊक होतं. या माहितीचा असा काही उपयोग असेल हे ठाऊक नव्हतं. आम्ही पुन्हा मोटारसायकलवर बसलो आणि मानोऱ्याचा रस्ता धरला. आता त्याचे खांदे उतरले होते, पण गाडी आधीपेक्षा जोरात होती.

मानोऱ्याच्या बसस्थानकावर आम्ही वीसेक मिनिटं उभे होतो. मग गाडी आली. पहिल्याच सीटवर, खिडकीशी, लिलाबाई. इस्त्रीचं जांभळं लुगडं, डोळ्यांना चष्मा, मांडीवर संत्र्यांची पिशवी. शेजारी तांड्यावरची कुणी बाई लेकराला घेऊन बसली होती आणि लिलाबाई तिला हात हलवून काहीतरी समजावत होत्या. त्यांना असं भरभरून बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

प्रवासी उतरले. ड्रायव्हर चहाला गेला. लिलाबाई खाली आल्या आणि आम्हाला पाहून अजिबात गडबडल्या नाहीत.

"काहून रे आला? कालेजले सुट्टी हाय का?"

धम्मरत्ननं फोन पुढे केला. सात लाल ठिपके.

"प्रयागबाई इसरली वाट्टे," त्या म्हणाल्या. "हरबरा सोंगाचा होता तिचा." आणि स्टँडवरच्या गाड्यावरून आलुबोंडे घ्यायला गेल्या. परत येऊन त्यांनी आम्हा दोघांच्या हातात एकेक कागद दिला आणि बाकावर बसल्या.

"मले सांगून जाता येत नव्हतं का?" धम्मरत्ननं विचारलं.

"सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, ऊन आहे, गर्दी आहे, बीपी आहे. मंग माह्यानं जाणं झालं नसतं."

"पण कायले? एसटीत काय आहे एवढं?"

"माणसं आहेत," लिलाबाई म्हणाल्या. "आता हे बाई होती ना, ते लेकरू घेऊन मायेरी चालली. तिच्या सासऱ्याचं अन् नवऱ्याचं पटत नाही. मी सांगतलं तिले काय कराचं ते. सकाळी एक म्हातारा होता, तो तुह्या बापाले वयखत होता. घरी कोन हाय माह्यासंगं बोलाले? माठ? अन् माठ बी आता माह्या घरचा नाही राह्यला. मी पाणी पेली का नाही, हे तो तुले सांगते."

"तू पडली होतीस, माय." तो म्हणाला. "दोन घंटे उनात होतीस. अन् मले माहीतच नव्हतं. मले भेव वाटते."

मी बसच्या पाटीवरची अक्षरं वाचू लागलो.

लिलाबाईंनी संत्र्यांची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "भेव तुले वाटते, बावा, अन् बांधून मले ठेवतं. दिवा माह्या घरात लागते, लावतं तू. बातम्या संपाच्या आंधी टीव्ही बंद होते. मी खाटीवर कूस बदलली तं वाट्टे, कारंजात समजलं. तुह्या बापानं बी एवढं पाह्यलं नाही मले."

धम्मरत्नच्या हातातला आलुबोंडा तसाच होता. तेवढ्यात मंजुषावहिनी नोंदी करून आल्या. गळ्यात मशीन, हातात पाण्याची बाटली. नवऱ्याकडे पाहून त्यांना सगळं समजलं.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला.

"हो. आत्याबाईंनी सांगू नका म्हटलं, म्हणून नाही सांगतलं." त्यांनी बाटली सासूच्या हातात दिली. "दिवसभर माह्या डोळ्यासमोर असतात त्या. गोळी मी देतो. तुमच्या ठिपक्याहून बरं आहे ते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "कालेजच्या पंख्याचा मालक दुसरीकडं बसला होता तं तुमी गावभर सांगत फिरले. आत्याबाई पंख्याहून हलक्या आहेत का?"

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. तिकीट देताना पुढचा थांबा सांगावा तसं म्हणाल्या. धम्मरत्न बाकावर बसला.  आणि थंड झालेला आलुबोंडा खाऊ लागला.

ड्रायव्हर आला, घंटी झाली. धम्मरत्न उठला, मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आईच्या मागोमाग बसमध्ये चढला. वहिनींनी त्याला रीतसर तिकीट फाडून दिलं. मी मानोऱ्याहून कारंजापर्यंत त्याची ती गाडी चालवत आणली, जिचा हॉर्न त्यानं स्वतः बनवलाय आणि तो कुठल्या बटणानं वाजतो हे मला माहीत नव्हतं.

त्या प्रवासात मायलेकांचं काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की मंगरूळपर्यंत माय त्याच्याशी कमी आणि पुढच्या सीटवरच्या बाईशी जास्त बोलली.

रविवारी तो सगळं काढायला आसेगावला गेला. मीही गेलो, मला आता यात रस होता. त्यानं पेचकस काढला तर लिलाबाईंनी त्याचा हात धरला.

"सगळं कायले काहाडतं? मी काय म्हणतो ते ऐक पह्यले."

आणि त्या सत्तर वर्षांच्या बाईंनी त्याला घरभर फिरवलं. माठाचं काढ. खाटेचं काढ. न्हाणीचं तर आधी काढ. शेगडीचा राहू दे, गॅस चालू राहतो कधीकधी, पण तो इथंच वाजला पाहिजे, कारंजात वाजून काय उपयोग. टीव्ही आणि दिवा माझ्या हातात दे. मग त्या दाराजवळ थांबल्या.

"एक बटन पाहिजे मले. मोठं. गळ्यात घालता येईन असं. मी दाबलं तरच वाजाचं."

"ते तू दाबलं की मले फोन येईन," तो उत्साहानं म्हणाला.

"तुले मंग येऊ दे. पह्यले प्रयागबाईले. तू कारंजावरून येशीन तवरक मी पडूनच राहीन का?"

धम्मरत्न पेचकस हातात घेऊन उभा राहिला. दीड वर्ष सात ठिपके सांभाळताना हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मदत दोन घरांवर होती आणि तो ती पन्नास किलोमीटरवरून पाठवत होता.

ते बटण बनवायला त्याला तीन आठवडे लागले, कारण पहिल्यांदाच तो वापरणाऱ्या माणसाला विचारून वस्तू बनवत होता. पहिलं बटण लिलाबाईंना लहान वाटलं. दुसरं भाकरी थापताना आपोआप दाबलं गेलं आणि प्रयागबाई धावत आल्या, दोघींनी चहा पिऊन घेतला. तिसरं जमलं. शिवाय लिलाबाईंची एक अट होती, तिनं आम्ही दोघंही चकित झालो.

"मले बी तुह्यं दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तू कालेजातून घरी पोचला का नाही. मले बी भेव वाट्टे, तुह्या त्या गाडीचं."

नाही कसं म्हणणार? त्यानं आईच्या घरात भिंतीवर एक छोटा दिवा लावला. हा कारंजाच्या घरी शिरला की तो दिवा तिकडे लागायचा. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले. "काल सात वाजल्यावर लागला. कुठं होता?" "शनवारी तं कालेज लवकर सुटते ना?" धम्मरत्न चौकातल्या टपरीवर माझ्याबरोबर चहा घेताना घड्याळ पाहू लागला. एकदा त्यानं अर्धा कप तसाच ठेवला.

महिनाभरानं तो आसेगावला गेला आणि म्हणाला, "माय, या दिव्याले माह्याकडून एक बटन लावू का? मले वाटलं तरच लागन असं."

लिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हसता हसता खोकला आला, पाणी प्यावं लागलं.

"लाव," त्या म्हणाल्या. "तू बी लाव."

आता तो घरी पोचला की स्वतः बटण दाबतो. कधी विसरतो. त्या काही विचारत नाहीत. त्या आता फोन करतात तो गप्पा मारायला, आणि तो हल्ली ऐकतो, कारण आईचं काय चाललंय हे सांगणारं दुसरं काही त्याच्याकडे राहिलेलं नाही.

ऑगस्टात एकदा खरोखरच बटण दाबलं गेलं. लिलाबाईंना सकाळी गरगरलं, त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि दाबलं. चार मिनिटांत प्रयागबाई पोचल्या. धम्मरत्नच्या फोनवर निरोप आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये होतो. तो हेल्मेट घालून दारापर्यंत गेला आणि तिथून प्रयागबाईंना फोन लावला.

"बसली आहे. साखर-लिंबू पेली. येऊ नको, मी भाकरी टाकून राह्यली दोघीच्या," प्रयागबाई म्हणाल्या.

तो परत येऊन खुर्चीवर बसला. हेल्मेट डोक्यावरच. दहा मिनिटं तसाच बसला होता. धनराज सरांनी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होते, मी त्यांना खुणेनं थांबवलं. मग त्यानं हेल्मेट काढलं आणि बारावीच्या प्रॅक्टिकलची मांडणी करायला निघून गेला. संध्याकाळी सावकाश आसेगावला गेला, आईला मंगरूळच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळी बदलून आणली.

लिलाबाईंचा गुरुवार चालू आहे. मध्यंतरी वहिनींची ड्युटी बदलली तर त्यांनी सुनेला विचारून दिवसही बदलून घेतला.

परवा धम्मरत्नकडे एक नवीन काम आलं. लिलाबाईंच्या शेतात तूर आहे आणि दिवसाढवळ्या रोही, म्हणजे नीलगायी, शिरून शेंडे खातात. बाजारात यासाठी भोंगे मिळतात, कुत्र्याच्या भुंकण्याचे आणि फटाक्याच्या आवाजाचे. लिलाबाईंना ते पसंत नाहीत. कुत्र्याला रोही भीत नाहीत, त्यांनी पाहिलंय म्हणे. त्यांचं म्हणणं, आवाज माणसाचा पाहिजे आणि तो माझा पाहिजे. म्हणून धम्मरत्ननं त्यांना अंगणात बसवून त्यांच्या आवाजात दोन मिनिटं शिव्या आणि हाकारे रेकॉर्ड करून घेतले. मी मराठीचा शिक्षक म्हणून शब्दसंपत्तीला दाद द्यायला हजर होतो. काही शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

आम्ही तिघं शेतात गेलो. त्यानं बांधावरच्या खांबाला भोंगा बांधला, तुरीत शिरलं की समजेल असा एक सेन्सर लावला आणि चालू-बंदचं बटण आईच्या हातात दिलं. मी रोह्याच्या भूमिकेत तुरीत शिरलो. भोंग्यातून लिलाबाई कडाडल्या. मी खरंच दोन पावलं मागे सरकलो.

"आवाज वाढव," खऱ्या लिलाबाई म्हणाल्या.

त्यानं वाढवला. दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा पलीकडच्या शेतात निंदणाऱ्या प्रयागबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "काहून वं लिलाबाई, कोनाले शिव्या देऊन राह्यली?"

लिलाबाईंनी बटण बंद केलं, लुगडं वर खोचलं आणि त्यांना सगळं सांगायला बांधावरून पलीकडे निघाल्या.